उपासात मागायचं नसतं

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कोपऱ्यावर रसवंती लागते. चरकाला बांधलेल्या घुंगरांची छुमछुम सुरू होते आणि माझं डोकं फिरतं. नवरा दर वर्षी विचारतो, "उसाच्या रसानं तुझं काय घोडं मारलंय?" मी दर वर्षी "ऊन फार झालंय" असं काहीतरी पुटपुटते. मग तोही पुढं विचारत नाही. आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत आहे, उत्तराची वाट बघायची नाही.

ऊन मात्र खरंच फार असतं. सावलीत गेलं की अंगावर काटा आणि उन्हात आलं की चटका, असे ते पुण्यातले विचित्र दिवस. कडुनिंब पानं गाळत असतो, शिरीषाच्या वाळक्या शेंगा खुळखुळत असतात आणि कॉलेजात परीक्षा सुरू होतात. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या दिवसांत माझ्या नशिबी सुपरव्हिजन. गप्प पोरांमधून गप्प फिरायचं. पेपर हातात पडला की काही पोरं डोळे मिटतात, एखादी मुलगी गळ्यातलं लॉकेट कपाळाला लावते. "अगं, आलं असेल तर लिही, नसेल तर सोड, मधे त्याला कशाला घेतेस?" असं ओठांवर येतं. पण मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, पण एके काळी मी रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तिघं एकाच कॉलेजातले. विनय गायचा आणि गिटार वाजवायचा, इरफान ड्रम्सवर आणि मी बेसवर. विनय रास्ता पेठेतल्या मराठी ख्रिस्ती घरातला, वडील शाळामास्तर. इरफानच्या घरच्यांचं भवानी पेठेत पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान, आजोबांच्याही आधीपासूनचं. लोक कौतुकानं म्हणायचे, पत्रा ठोकून ठोकून पोराचा हात बसलाय. इरफान म्हणायचा, "हात बसायला आधी दुकानात बसावं लागतं. मी कधी बसलो?" आणि मी नारायण पेठेतली. आमच्या घरी देव्हारा होता, पण त्यात बाबांच्या दाढीचं सामान असायचं.

विनयच्या चर्चच्या मागं एक खोली होती. रविवारच्या शाळेची छोटी छोटी बाकं तिथं एकावर एक रचलेली असत. पाळकसाहेबांनी ती आम्हाला दुपारची वापरायला दिली होती. त्यांना आमचं वाजवणं आवडायचं नाही, पण विनयला त्यांनी मांडीवर खेळवलेलं, त्यामुळे नाही म्हणवेना. एकदा ते दारात येऊन उभे राहिले आणि गाणं संपल्यावर शांतपणे म्हणाले, "विनय, देव बहिरा नाही बरं का." विनय म्हणाला, "माहितीय साहेब. पण मी बहिरा असेन तर? मला ऐकू यायला मोठ्यानं म्हणावं लागतं."

आमचा गिटारचा अॅम्प्लिफायर जुना होता, व्हॉल्व्हवाला. बुधवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं कुठल्या कुठल्या मशिनी उघडून तो जमवून दिला होता. चालू केला की लगेच वाजवायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद. व्हॉल्व्ह आधी तापू द्यायचे. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलायचं नाही, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच व्हायचं. विनय डोळे मिटून उभा राहायचा. इरफान दोन्ही काठ्या एका मुठीत धरून ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणायचा. मी आपली मागच्या जाळीतून ते लालसर होत जाणारे दिवे बघायची. प्रार्थना बिर्थना मला येत नाही. पण आयुष्यात त्याच्या सगळ्यात जवळ मी कुठं गेले असेन, तर त्या जाळीपाशी.

रॉक म्हणजे सैतानाचं संगीत, असं विनयच्या आणि इरफानच्या घरी म्हणत. आमच्याकडे सैतानही मानत नसत, त्यामुळे बाबा नुसतंच "ठणाणा" म्हणत. मला मात्र कँपातून आणलेल्या त्या कॅसेटी ऐकताना वेगळीच गंमत वाटायची. त्या परदेशी पोरांच्या गाण्यांत देव किती वेळा यायचा! शिव्या घालायच्या तर त्यालाच, हाका मारायच्या तर त्यालाच. दहापैकी आठ गाणी म्हणजे रुसवे. मी हसायची. विनय हसायचा नाही. "नीलू, न मानणारा माणूस इतकं ओरडेल का गं?" असं तो मनापासून विचारायचा. आपल्याकडे संतांनी देवाला नाही नाही ते सुनावलंय, ते आपण देवळात टाळ्या वाजवत म्हणतो. तेच कुणी केस वाढवून गिटारवर म्हटलं की नाकं मुरडतो. हे विनयचं म्हणणं, आणि यात काय खोटं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

त्यानं एक मराठी गाणं केलं होतं. कुणाला तरी "जाऊ नकोस, अजून थांब" अशी विनवणी होती त्यात. सुरुवातीला अगदी साधं चालायचं, मग चढत चढत इतकं वर जायचं की खोलीच्या काचा थरथरायच्या. आणि ऐन भरात एका जागी इरफान दोन्ही हात उचलून ड्रम्स थांबवायचा, मीही थांबायची, आणि चार मात्रा नुसता विनयचा आवाज. उघडा, एकटा, "थांब ना" म्हणणारा. ही थांबायची कल्पना इरफानचीच. ड्रम्सवाला पोरगा, सगळ्यात आवडती जागा कुठली, तर स्वतः वाजवत नाही ती! त्या चार मात्रांत तो विनयकडे असा बघायचा की मला हेवा वाटायचा. वाजवून झाल्यावर म्हणायचा, "बास. आता नमाजाला नाही गेलो तरी चालेल." आणि मग घाईघाईनं जायचाच.

त्या वर्षी रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ एकात एक आले होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत विनय दर वर्षी काहीतरी सोडायचा. त्या वर्षी त्यानं चहा सोडला. इरफानचे रोजे. तालीम संपता संपता दिवस मावळून मगरिब व्हायची, मग इरफान त्या चिमुकल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा आणि खजूर तोंडात टाकायचा. विनय पाणी प्यायचा. मी दुपारभर भजी खाल्लेली असायची. "तिघांत धडधाकट नास्तिकच," असं इरफान म्हणायचा. मी विनयला चिडवायची, "चहा सोडून काय मोठा तीर मारलास? आमची आत्या काशीला जाऊन दुधी भोपळा सोडून आली. जन्मात कधी तिनं तो खाल्ला नव्हता." तो हसून म्हणाला होता, "मग तिला विचार, मिळालं का काही." मी म्हटलं, "तिला काही नकोच होतं रे. तिला फक्त भोपळा टाळायचा होता."

हे असं हसत होतो आम्ही. आता त्या हसण्याची शिसारी येते.

एका दुपारी ट्यूबलाइटखाली विनय इरफानकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझे डोळे बघ आरशात." इरफान म्हणाला, "उपासानं पिवळा पडलोय." उपासानं डोळे पिवळे पडत नाहीत हे तिघांनाही ठाऊक होतं. घरी कळलं, डॉक्टर झाले, कावीळ निघाली. त्या काळात पुण्यात कावीळ म्हणजे काय, घरटी एकाला होऊन जायची. तेल-तूप बंद, आराम आणि उसाचा रस. मी रोज कॉलेज सुटल्यावर रसवंतीवरून डबा भरून भवानी पेठेत नेऊन द्यायची. बर्फ घालू नका, आलं घालू नका, चरक धुऊन घ्या, असं मी त्या माणसाला इतकं बजावायची की तो मला लांबून बघूनच चरक धुवायला लागायचा. ईदच्या दिवशी इरफान पलंगावर बसून दुसऱ्यांना शीरखुर्मा खाताना बघत होता. "अल्लानं रोजे वाढवून दिले मला," म्हणाला. त्याची अम्मी पदरानं डोळे पुसत आत गेली. आम्हाला वाटलं, आईच ती, उगीच रडते.

मग ती कावीळ उतरेचना. पोटात पाणी झालं, कँपातल्या हॉस्पिटलात हलवला. लिव्हर काम करत नाही, असं डॉक्टरांनी विनयला आणि मला जिन्यात सांगितलं. वर अम्मीला सांगायचं धाडस त्यांनाही झालं नाही. त्याच संध्याकाळी विनय माझ्याबरोबर चालत नेहरू रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मी गाणं सोडलं. ईस्टरपर्यंत. गुणगुणणारसुद्धा नाही. तो बरा व्हावा म्हणून."

चहाची गोष्ट वेगळी होती. विनय आंघोळीला गेला तरी शेजाऱ्यांना कळायचं, इतका तो गायचा. रस्त्यानं चालताना, रांगेत उभा असताना, सायकलची साखळी बसवताना. त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. पाळकसाहेबांना मात्र ते पटलं नाही. तो उपासनेत ओठ मिटून उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. विनयनं मला ते जसंच्या तसं सांगितलं होतं. "आपण नवस करत नाही विनय, आपण उपास करतो." "फरक काय, साहेब?" "उपासात मागायचं नसतं." विनय म्हणाला, "मग मला उपास जमत नाही. मला मागायचंय." चार पिढ्या झाल्या होत्या त्याच्या घराला चर्चमध्ये जाऊन. पण आपल्या मातीतला माणूस अडला की नवसच बोलणार, नाव काहीही ठेवा.

आणि इकडे इरफान रोज एकच मागत होता. "विन्या, ती जागा म्हण ना." सगळं गाणं नको, नुसती ती जागा, मी थांबतो ती. वॉर्डात बाकीचे पेशंट होते म्हणून पहिल्यांदा विनयनं टाळलं. मग घसा बसलाय म्हणाला. इरफान आजारी होता, बावळट नव्हता. शेवटी एक दिवस भडकला. "मरायला टेकलोय मी, एक ओळ म्हणता येत नाही तुला? असा काय सोन्याचा गळा लागून गेलाय?" विनयनं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. इरफाननं उशीवरची मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाला, "गाढवा, माझ्यासाठी नवस बोललास आणि मलाच उपाशी ठेवलंस?" तिघंही हसलो. हसता हसता त्याला धाप लागली, नर्स येऊन आम्हाला ओरडली.

त्यानंतर काही दिवस तो थट्टेवारीनंच घ्यायचा. "तुझ्या देवाला सांग, थोडं गाऊ दे, मग पुन्हा कडक सुरू कर." मधेच गुंगीत जायचा, काहीतरी असंबद्ध बोलायचा, मग पुन्हा लख्ख जागा व्हायचा. पिवळेपणा आता हातांच्या नखांपर्यंत आला होता. गादीवर त्याची बोटं सारखी चालू असायची, दोन बोटं एकदम, मग एक. मी बघत बसायची. काय वाजवतोय ते मला कळायचं आणि मी विनयकडे बघायचं टाळायची.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, विनय उपासनेहून थेट हॉस्पिटलात आला. हातात हिरवी झावळी तशीच. दुपारची वेळ, वॉर्डात पंख्याची घरघर. इरफान त्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होता. विनय पलंगापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "खड्ड्यात गेला नवस. मी म्हणतो." त्याचे डोळे भरले होते. तो श्वास घेताना मी ऐकला. कितीतरी दिवसांनी त्याला तसा, गाण्याआधीचा, श्वास घेताना ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हण रे बाबा, म्हणून टाक.

इरफाननं सुई टोचलेला हात उचलला आणि त्याच्या तोंडासमोर आडवा धरला.

"गप. एकच आठवडा राहिलाय," तो म्हणाला. "सगळं फुकट घालवतोस का?"

"अरे, पण तूच—"

"आता नको. मला बरं वाटतंय खरंच. काल भात खाल्ला मी, विचार हिला. ईस्टरला म्हण. पूर्ण म्हण, मी काठ्या घेऊन येतो."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी कसं सांगू? चेष्टा नव्हती. इतके दिवस मी जी चेष्टा नुसती चेष्टा समजत होते, तिच्याआड त्या पोरानं मनातल्या मनात दिवस मोजायला सुरुवात केली होती. भात त्यानं दोन घास खाल्ला होता आणि ओकला होता. पण मी मान हलवली. "हो, खाल्ला," म्हटलं. विनयनं तो घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.

इरफान गुरुवारी सकाळी गेला.

देवानं ऐकलं नाही याचं मला काही नाही. माझ्या हिशेबी तिथं कुणी नाहीच, तर ऐकणार कोण? पण इरफाननं विश्वास ठेवला, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. आमच्यासारख्यांचं बरं असतं, आम्ही पहिल्यापासूनच हात झटकून बसलेले असतो. तो शेवटच्या आठवड्यात आशेला लागला. त्याला हवी असलेली एकुलती एक गोष्ट हाताच्या अंतरावर होती आणि त्यानं ती स्वतःच्या हातानं अडवली, कशासाठी, तर पुढच्या रविवारसाठी. लोक म्हणतात, श्रद्धेनं माणसाला बळ येतं. येत असेल. त्याला आलेलं बळ मी पाहिलंय, हात उचलण्यापुरतं होतं.

दुपारी जोहरच्या नमाजानंतर त्याला नेलं. पुरुष कब्रस्तानात गेले, विनयही गेला. मी बायकांमध्ये अम्मीजवळ बसले होते. ती रडून रडून थकली होती. कुणीतरी कुराण वाचत होतं, खालून दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर वाऱ्यानं वाजत होतं. मधेच अम्मीनं माझा हात धरला. "नीलू, परसों मुझे बोला, ईस्टर को पक्का घर आता," ती म्हणाली. "ईस्टर का म्हणाला असेल गं तो? आपली तर ईद झाली होती. गुंगीत बोलला असेल ना?"

"हो अम्मी," मी म्हटलं. "गुंगीतच."

विनय आता विमा कंपनीत आहे. वडगाव शेरीला राहतो, मुलगी परदेशात शिकते. वर्षातून एखादा फोन होतो, तब्येतीचा, पावसाचा. त्याची बायको एकदा मला म्हणाली, चर्चला न चुकता जातात हो, पण गीतांच्या वेळी नुसतं पुस्तक उघडून उभे राहतात. तिला वाटतं, त्याला गाता येत नाही. मध्यंतरी कुणीतरी मला एका मोठ्या रॉक मैफिलीला घेऊन गेलं होतं, मैदानावर हजारो पोरं हात वर करून उभी, डोळे मिटलेली, स्टेजवरून कुणीतरी आभाळाकडे तोंड करून किंचाळतंय. आसपासच्या पोरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पूर्वी मला असं काही दिसलं की वाटायचं, आहे बुवा, काहीतरी आहे. त्या दिवशी वाटलं, किती माणसं मागतायत आणि वर किती रिकामं आहे. अर्ध्यातून उठून आले.

त्या वर्षीच्या ईस्टरला सकाळी विनय आमच्या घरी आला. पहाटेची उपासना करून आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. आत ये म्हटलं तर आला नाही. जिन्यातच उभा राहिला. म्हणाला, "सुटला उपास." आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं गायला सुरुवात केली. ते गाणं. गिटार नाही, काही नाही. वर चढत गेला, त्या जागेवर आला, आणि कुणी थांबायला नव्हतं तरी चार मात्रांची ती ओळ त्यानं तशीच एकटी उभी केली आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून ऐकत राहिल्या. त्याच्या गळ्यात एक खर होती, वरच्या सुरांना हटकून लागायची, आम्ही तिची सवय करून घेतली होती. ती गेली होती. आवाज धुऊन काढल्यासारखा स्वच्छ झाला होता. इतकं चांगलं तो आधी कधी गायला नव्हता.

संपल्यावर त्यानं, गाणारे विचारतात तसं, सवयीनं विचारलं, "कसा लागला गं?"

खोटं बोलायला जमलं नाही. "चांगला लागला," मी म्हटलं. "कधी नव्हे इतका."

तो पायरीवर बसला. "लागणारच," तो म्हणाला. "इतके दिवस विश्रांती मिळाली ना आवाजाला."